सगळ्यांचा डावा खांदा

गावच्या देवळाचा उत्सव आला की लुह वार्तिनी देनपासार शहरातल्या रुग्णालयातून रजा काढून घरी यायची, आणि आल्या आल्या पहिले घर गाठायची ते आईचे नव्हे, मेमे सुंतारीचे. मेमे म्हणजे आई. सुंतारीला स्वतःचे मूल नव्हते, पण अख्खे गाव तिला मेमेच म्हणायचे. वार्तिनीच्या खऱ्या आईने यावरून बरीच वर्षे तोंड वाकडे केले आणि मग नाद सोडला. पोर आपल्या पोटची असली तरी घडवली सुंतारीने, हे तिलाही कळत होते.

घडवली म्हणजे खरोखरच हातांनी घडवली. आमच्याकडे नाच तोंडाने शिकवत नाहीत. गुरू पुढे पाठमोरी उभी राहते आणि मुली तिच्या पाठीकडे बघून करतात, नाहीतर गुरू मागे येते, दोन्ही मनगटे धरते आणि पोरीचे अंग पिठाच्या गोळ्यासारखे हवे तसे वळवते. गुडघे वाकलेले, छाती पुढे, कोपरे उचललेली, खांदे वर ओढून जवळजवळ कानाला टेकलेले. सहा वर्षांची वार्तिनी रडायची, आणि मेमे मागून गुडघा टेकवून म्हणायची, "रड हवं तेवढं, पण खांदा पाडू नकोस." पुढे ही मुलगी डॉक्टर झाली, तीही कान-नाक-घशाची, मानेवर शस्त्रक्रिया करणारी. गावात विनोद होता की मान हलवायला शिकवली तर पोरगी मान कापायला शिकून आली.

त्या वेळी ती आली तेव्हा दुपार कलली होती. मेमे घरी नव्हती, सभामंडपात तालीम घेत होती. वार्तिनी चपला काढून पायरीवर बसली. मेमेचा नवरा बापा सुवित्रा मांडीवर ढोल घेऊन ताल धरत होता, पितळी वाद्ये वाजत होती, आणि समोर डझनभर मुली नाचत होत्या. नाच सुरेख चालला होता. पावले एकदम पडत होती, डोळे एकदम फिरत होते. आणि डावा खांदा सगळ्यांचा एकदम खाली होता.

वार्तिनीला आधी हसू आले. एखाद्या पोरीचा खांदा पडला तर समजू शकते, पण ओळीच्या ओळीने? घंटा वाजवणारा म्हातारा लोतर तिच्या शेजारी सरकला आणि मोठ्या अभिमानाने सांगू लागला की ही आपल्या गावाची नवी ढब आहे. पलीकडच्या गावचे लोक मुद्दाम बघून गेले म्हणे, आणि त्यांच्या मुलींना काही केल्या जमेना.

"कशी जमेल?" वार्तिनी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचे हसू विरले.

कारण शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि इथे तर शितांची रांगच पुढ्यात उभी होती. मुली स्वतःच्या मनाने काही करत नाहीत. ज्या पाठीकडे बघतात ती पाठ उचलतात. तिने मेमेकडे पाहिले. मेमेच्या डाव्या खांद्यावरून शाल पाठीवर सोडलेली होती. ती सारखी घसरत होती आणि मेमे उजव्या हाताने ती सारखी वर घेत होती. डावा हात कोपरापर्यंत उचलला जाई, त्याच्या वर जात नसे. जिथे हात डोक्यावरून न्यायचा तिथे मेमे अंगच उजवीकडे कलवायची. मुलीही कलायच्या. सगळ्यात पुढची सास्मी, दात पडलेली चिमुरडी, तर मेमेपेक्षाही जास्त मनापासून कलायची.

तालीम संपल्यावर तिघे घरी आले. बापाने कॉफी केली. पूर्वी मेमे करायची. वरच्या फळीवरचा डबा काढायचा असतो, हे वार्तिनीने टिपले. मेमेचा अंबाडाही तिने टिपला. ज्या बाईच्या अंबाड्यातून जन्मात एक केस निसटला नव्हता, तिच्या डोक्यावर ढोलाची दोरी बांधतात तसली गाठ बसली होती.

"अंबाडा कुणी घातला?" तिने विचारले.

बापा कॉफीच्या कपात बघू लागला. मेमेने विषय बदलला, वार्तिनी किती वाळली आहे, रुग्णालयात जेवण देतात की नुसता पगारच देतात, वगैरे. वार्तिनीने तिला बोलू दिले. मग उठून तिच्या मागे गेली आणि न विचारता शाल काढली.

खांदा उतरला होता. खांद्याचे पाते एका बाजूला सरकून पाठीतून वर आले होते, आणि मानेकडून खांद्याकडे जी भरीव उतरण असते ती डाव्या बाजूला खळगा होऊन बसली होती. मानेच्या बाजूला, बोटाच्या पेरापेक्षा लहान, स्वच्छ शिवलेला एक वण होता.

मग सगळी हकीकत बाहेर आली. मागचा उत्सव झाल्यावर मानेत सुपारीएवढी गाठ आली होती. शहरातल्या एका दवाखान्यात जाऊन ती काढून घेतली. गाठ निरुपद्रवी निघाली. एवढ्याशा गोष्टीसाठी लुहला कशाला त्रास, म्हणून कळवले नाही. त्यानंतर खांदा दुखू लागला, मग उतरू लागला, मग हात वर जाईना.

"आणि तुम्ही गप्प बसलात," वार्तिनी म्हणाली.

"वय झालं गं," मेमे म्हणाली. मग बापाकडे न बघता तिने खरे कारण सांगितले. दवाखान्याने दिलेला दिवस पंचांगात वाईट होता. त्या दिवशी बांबूसुद्धा तोडत नाहीत, आणि तिने मान कापून घेतली. नर्तकीच्या अंगात जो देव उतरतो, आम्ही त्याला ताक्सू म्हणतो, तो रागावून निघून गेला. चूक तिची होती. देवाशी भांडत बसायचे नाही, एवढे तिने ठरवले होते.

वार्तिनीला राग आला. गाठ काढणाऱ्यावर आला, पंचांगावर आला, सगळ्यात जास्त या दोघा म्हाताऱ्यांवर आला, जे महिनोन्‌महिने अंबाडा बांधत आणि बांधून घेत गप्प राहिले होते. पण तिने रागावर कॉफी ओतली आणि बोट मेमेच्या मानेवर टेकवले.

"ही बघा, कानामागून छातीच्या हाडाकडे उतरते ती जाड दोरीसारखी मांसपेशी. मान फिरवली की वर येते. तुम्ही नाचताना हीच दिसते. मागे ही दुसरी, मानेवरून खांद्यावर पसरते. आणि खाली हे हसळीचं हाड. तीन बाजू झाल्या. मधलं हे तिकोनी अंगण. बरोबर?"

मेमे म्हणाली, बरोबर.

"या अंगणातून एक नस तिरकी जाते. पुढच्या पेशीच्या आडून निघते आणि मागच्या पेशीत शिरते. अंगणातून कपडे वाळत घालायची दोरी जावी तशी. वर छप्पर नाही, नुसती कातडी. बाकीच्या शिरा-नसा खोल, ही तेवढी उघड्यावर. आणि गाठी धरतात त्या नेमक्या हिच्या अंगाला लागून. म्हणून गाठ काढताना आधी ही शोधायची आणि मग चाकू चालवायचा. आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकून घेतात. तरी चुकतं. सगळ्या जगात चुकतं."

"आणि ती तुटली की?"

"खांदा उचलायचा हुकूमच पोचत नाही."

मग तिने उरलेलेही सांगितले, कारण ते लपवण्यात अर्थ नव्हता. नस जोडता येते. पण पेशी फार काळ हुकमाची वाट बघत नाही, सुकून जाते. एकदा सुकली की नस सोन्याच्या तारेने जोडली तरी खांदा उठणार नाही. वर्षभराची मुदत धरतात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त या दोघांनी गप्प बसण्यात घालवली होती. जोडायचे तर आता, पुढच्या उत्सवापर्यंत थांबून नाही.

मेमेने शाल पुन्हा खांद्यावर घेतली. "मान एकदा कापली," ती म्हणाली, "आता पुन्हा नाही." आणि वार्तिनीला जेवायला थांबायला सांगितले. डुकराचे मटण आणि नारळ घालून केलेले, तिच्या आवडीचे लावार होते. चिरायचे काम बापाने केले होते. वार्तिनी जेवली, पण अन्न गोड लागले नाही.

दुसऱ्या दिवशी उत्सवाआधीची शेवटची तालीम होती. वार्तिनीने रात्रभर विचार करून एकच गोष्ट ठरवली होती. ती मंडपात गेली आणि मेमेला म्हणाली की आज तुम्ही पुढे उभ्या राहू नका, बापाजवळ बसा आणि मुली बघा. पूर्वी मेमे मुलींच्या मधून फिरायची, एकेकीचे खांदे हाताने बसवायची. हात उठेना तेव्हापासून ती नुसती पुढे पाठमोरी उभी राहत होती. तिने मुलींना करून दाखवले होते, पण कित्येक महिन्यांत मुली पाहिल्या नव्हत्या.

बापाने ढोलावर थाप मारली. मुली नाचू लागल्या.

मेमे बघत राहिली. सुरुवातीला तिच्या तोंडावर रोजचा करडेपणा होता. मग ती पुढे झुकली. मग तिची नजर पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेली आणि तिथून परत सास्मीवर आली. सास्मी जीव तोडून डावा खांदा पाडत होती आणि मेमे बघते आहे म्हणून हसतही होती. मेमेने तोंडावर हात ठेवला.

"ढोल थांबव," ती नवऱ्याला म्हणाली.

वाद्ये थांबली. मुलींना वाटले आपले चुकले. मेमे उठून मंडपाच्या मागच्या खांबाशी जाऊन बसली आणि वार्तिनी तिच्यामागे गेली तेव्हा तिचे डोळे वाहत होते. तिला रडताना वार्तिनीने कधीच पाहिले नव्हते. वार्तिनीच्या लेखी रडणे हे शिष्यिणींचे काम होते.

"माझं गेलं ते गेलं," मेमे म्हणाली. "पण मी पोरींना वाकडं केलं. उद्यापासून मी शिकवणार नाही."

सांत्वन करावे असे वार्तिनीच्या मनात आले, पण सांत्वनाने मेमे कधी बधली नव्हती. तेव्हा तिने जे लहानपणापासून ऐकले होते तेच, त्याच आवाजात म्हटले.

"उभं राहा. गुडघे वाकवा. छाती पुढे."

मेमेने चमकून पाहिले. गुरूची विद्या गुरूलाच, हे तिला कळले असावे, कारण तिच्या ओठाचा कोपरा हलला. ती उठली आणि उभी राहिली. वार्तिनी तिच्या मागे गेली. डावा तळहात खांद्याच्या त्या सरकलेल्या पात्यावर ठेवला, उजवा खांद्यावर, आणि पाते जसे पेशीने फिरवायला हवे तसे खालून वर आणि बाहेर रेटले.

"आता हात वर करा."

मेमेचा हात उठला. कोपराच्या वर गेला, कानाच्या वर गेला, डोक्यावर पोचला आणि तिथे बोटे आपोआप उलगडून थरथरली, नाचात थरथरतात तशी. वार्तिनीने पाते सोडले. हात खाली आला. तिने पुन्हा धरले, हात पुन्हा वर गेला.

असे तीन-चारदा झाले. मग मेमेने हात वर असतानाच, समोर बघत विचारले, "म्हणजे देव गेलेला नाही?"

"देव जागच्या जागी आहे, मेमे. दोरी तुटली आहे फक्त."

मेमेने बराच वेळ हात खाली आणला नाही. वार्तिनीचे मनगट दुखू लागले, पण तिने पाते सोडले नाही. जिने बालपणी आपले खांदे तासन्‌तास धरून ठेवले, तिचा एक खांदा धरण्यात एवढे काय, असे तिला वाटले आणि फार बरे वाटले.

मेमे तयार झाली, पण अटी घातल्याच. पहिली अट, दिवस पंचांगातला चांगला हवा, आणि तो पुजारी काढेल, रुग्णालय नव्हे. दुसरी अट, चाकू लुहने धरायचा. दुसरी अट वार्तिनीने साफ नाकारली. तुटलेली नस भिंगाखाली केसापेक्षा बारीक दोऱ्याने जोडायची असते, ते तिचे काम नव्हते. सुराबाया शहरात तिचे एक वयस्क गुरू होते, ते काम त्यांचे.

"मग तू काय करणार?" मेमेने विचारले.

"मी मागे उभी राहीन."

पहिली अट मात्र वार्तिनीने पाळली. सुराबायाच्या डॉक्टरांना तारीख बदलायला सांगताना तिची जीभ अडखळली. ते फोनवर म्हणाले, माझी बायकोही असा दिवस बघितल्याशिवाय गाडी विकत घेऊ देत नाही, सांग तो दिवस.

नसेची दोन टोके आखडून एकमेकांपासून लांब गेली होती. मधे जोड द्यायला दुसऱ्या नसेचा तुकडा हवा होता, आणि तो त्याच अंगणातून मिळतो. कानाच्या पाळीला स्पर्श पोचवणारी एक नस तिथूनच वर जाते. ती घेतली तर डाव्या कानाची पाळी बधिर होते. हे वार्तिनीने आधीच सांगितले होते, आणि मेमेने हिशेब एका वाक्यात मिटवला होता. "कानाने कोण नाचतं?"

शस्त्रक्रिया नीट झाली. पण नीट झाली म्हणजे खांदा उठला असे नव्हे. नस नव्या जोडातून मुंगीच्या पावलाने पुढे सरकते आणि पोचली की नाही हे महिनोन्‌महिने कळत नाही. बापा रोज सकाळी ढोल घेऊन बसायचा आणि मेमेच्या व्यायामाला ताल धरायचा, कारण तालाशिवाय हात उचलणे तिला वेडेपणाचे वाटे. खांदा मात्र होता तिथेच होता. अंबाडा बापाच घालत होता.

तोवर मुलींना शिकवायचे कुणी? वार्तिनीने. दर रविवारी ती देनपासारहून यायची, कमरेला पट्टा बांधायची आणि मुलींसमोर पाठमोरी उभी राहायची. मेमे बापाशेजारी बसून बघायची आणि जिभेने चटके द्यायची. डावे खांदे हळूहळू वर आले. एका रविवारी मेमे खो खो हसायला लागली. वार्तिनीने वळून पाहिले. मुलींचे खांदे सरळ रेषेत होते, पण झाडून सगळ्यांच्या माना पुढे आल्या होत्या आणि पाठी किंचित वाकल्या होत्या.

"अगं, या सगळ्या डॉक्टरीणबाई झाल्या," मेमे म्हणाली. "कुणाच्या पोटात वाकून बघतायत? माझा खांदा नंतर उचल, आधी तुझी मान मागे घे."

इतकी वर्षे टेबलावर वाकून वार्तिनीची मान पुढे आली होती आणि तिला पत्ताही नव्हता. तिने मान मागे घेतली. मुलींनीही घेतली.

पण आतून ती घाबरलेली होती. प्रत्येक रविवारी ती मेमेच्या खांद्यावर हात ठेवून तो वर रेटायला सांगायची, आणि हाताखाली काही हलायचे नाही. पेशी सुकली असेल, उशीर झाला असेल, असे विचार परतीच्या वाटेवर तिचा पिच्छा सोडत नसत. तिला तो खांदा नाचासाठी हवा होता असेही नव्हते. आपल्याला ज्या हातांनी उभे केले ते उठावेत, एवढेच तिला हवे होते.

मग रुग्णालयात कामाचा ढीग पडला आणि तिचे बरेच रविवार बुडाले. फोनवर विचारले की मेमे म्हणायची, आहे तसंच आहे, तू तुझं काम बघ. पुढच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी ती गावात पोचली तेव्हा ढोल लांबूनच ऐकू आला. ती मंडपाच्या मागच्या बाजूने आली, त्यामुळे तिला आधी मुलीच दिसल्या.

मुली नाचत होत्या. माना मागे, छाती पुढे, दोन्ही खांदे वर. उजवा चटकन जात होता. डावा जरा मागून जात होता, सावकाश, आणि वर पोचल्यावर किंचित थरथरत होता. सगळ्यांचा. सास्मीचा तर इतका थरथरत होता की तिच्या डोक्यावरची फुले हलत होती.

वार्तिनी जागच्या जागी उभी राहिली. ही थरथर तिने मुलींना शिकवली नव्हती. ती तिच्या ओळखीची होती. बऱ्याच दिवसांनी हुकूम पोचलेली पेशी अशीच थरथरते. मेमेकडे बघायची तिला गरजच उरली नाही, आणि बघायचे म्हटले असते तरी डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसले नसते.

ढोल थांबला. बापाने तिला पाहिले होते. तो तिच्याकडे बघून कुरकुरला, "ये, ये. माझी नोकरी घालवलीस तू." आणि त्याने हनुवटीने मेमेच्या डोक्याकडे दाखवले. अंबाडा घट्ट, तुळतुळीत, पूर्वीसारखा होता.

मेमे वळली नाही. "लुह आली का?" तिने विचारले. "बघ गं, माझ्या डाव्या कानावर चाफा आहे का? मला कळतच नाही आता."

चाफा केव्हाच गळून तिच्या पायाशी पडला होता. वार्तिनीने तो उचलला आणि खोचायला हात पुढे केला. पण मेमेने तो तिच्या हातातून घेतला, डावा हात सावकाश वर नेला आणि आपला आपण कानावर खोचला.

"नीट बसला?" तिने विचारले.

"बसला," वार्तिनी म्हणाली.